मावशीचे डोळे मिटतात

बसा, सांगतो. पण मधे हसू नका, मला राग लवकर येतो. त्या रागानंच तर सगळं झालं.

लंबू माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचं लग्न होतं. आईच्या दुखण्यापुढं डॉक्टरनी हात टेकलेले, म्हणून घाईत लावलं. लंबू पाळण्यात असतानाच त्याचा बाप गेला, आणि बापाचा एक फोटो घरात नाही. त्यामुळं लंबूचं एकच म्हणणं होतं, आईचा आमच्याबरोबर एक चांगला फोटो पाहिजे. बाकीचे फोटो नाही आले तरी चालतील.

सकाळी मी टेम्पोत खुर्च्या घालून हॉलवर गेलो, तर दारात फोटोवाल्याची मोटरसायकल आडवी. मी आवाज चढवला. तो म्हणाला, दोन मिनिटं थांबा, पिशवी सोडतोय. झालं, माझं डोकं सटकलं. बघतो तर त्याच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोटच नाही. मी चार लोकांत म्हटलं, "बटण काय नाकानं दाबतोस?"

लोक हसले. तो नाही हसला. "मधल्या बोटानं दाबतो. फोटो बघा, मग बोला."

मी त्याची कॉलर धरली. त्यानं सोडवून घेतली, पिशवी परत बांधली आणि निघून गेला.

लंबूला कळलं तेव्हा त्यानं मला शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. तेच जास्त लागलं. नुसता म्हणाला, "आता तूच काढ."

माझ्या मेहुण्याकडं डिजिटल कॅमेरा होता. त्यानं उभ्या उभ्या शिकवलं. कोपर पोटाशी धर, उजेड त्यांच्या तोंडावर घे, बटण अर्धं दाब, चौकोन हिरवा झाला की पूर्ण दाब. आणि काढला की लगेच पडद्यावर बघ, कुणाचे डोळे मिटलेत का.

लंबूच्या आईला, म्हणजे मावशीला, हॉलमागच्या छोट्या खोलीत बसवलं होतं. औषधाचा वास कोंडलेला. एका बाजूला लंबू, एका बाजूला नवरी, मागं लंबूची बहीण. सगळी मावावीत म्हणून मी मागं सरकत सरकत भिंतीला पाठ टेकली.

पहिला काढला. मावशीचे डोळे मिटलेले. दुसरा काढला. मिटलेले. असे पंधरा-वीस काढले. बाकी सगळे नीट येत होते. आणि मी माझ्या डोळ्यानं बघत होतो, म्हातारीचे डोळे टक्क उघडे होते. माझ्याकडं नाही, माझ्या खांद्यावरून मागं बघत होती. बटण दाबलं की फोटोत मिटलेले.

तिची मान कलंडायला लागली. बहीण म्हणाली, पुरे आता, तिला धाप लागलीय. लंबू माझ्याकडं बघत राहिला.

"एक... एकच नीट काढ रे."

आयुष्यात तो माझ्याशी असं बोलला नव्हता. माझा घाम कॅमेऱ्यावर ठिबकत होता. हात थरथरत होते, चौकोन हिरवा होईना. वाटलं, कॅमेरा भिंतीवर आपटावा आणि पळून जावं.

तेव्हा मावशी बोलली. एकदम हळू.

"तू कशाला मधे मधे करतोस... मागच्याला काढू दे की."

"मागं भिंत आहे मावशी..."

"येऊ दे त्याला पुढं..."

भिंत पाठीला गार लागत होती. तो गारवा माझ्या खांद्यावर आला. तिथनं कोपरापर्यंत उतरला, मग मनगटापर्यंत. औषधाच्या वासात पेट्रोलचा वास मिसळला. माझा कोपर कुणीतरी आत दाबला, पोटाशी. थरथर थांबली. बटणावरचं माझं बोट उचललं गेलं, आणि तिथं माझंच मधलं बोट आलं.

दाबलं गेलं. मी नाही दाबलं.

पडद्यावर मावशी सरळ बघत होती. डोळे उघडे, ओठांवर हसू. असला फोटो मला जन्मात जमला नसता.

लंबू रडला. मी बाहेर पळालो. ठरवलं, फोटोवाल्याला शोधायचं आणि त्याचे पाय धरायचे. हॉलच्या राखणदाराला विचारलं, तो कुठं राहतो. राखणदार माझ्या तोंडाकडं बघायला लागला. म्हणाला, तो इथनं निघाला तो पुढच्या वळणावर ट्रकखाली गेला, सकाळी दहालाच. लग्नघरात असलं कोण सांगणार, म्हणून राखणदार गप्प राहिलेला.

फोटोच्या कोपऱ्यात वेळ पडते. बारा वाजून वीस मिनिटं.

मावशी तिसऱ्या दिवशी गेली. फोटो लंबूच्या घरात भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, कुणी काढला? लंबू कौतुकानं माझ्याकडं बघतो, मी जमिनीकडं.

एक प्रत घेऊन फोटोवाल्याच्या घरी माफी मागायला गेलो होतो. त्याच्या बायकोनं फोटो हातात घेतला आणि लगेच म्हणाली, "ह्यांनीच काढलाय हा. कधीचा?"

मी फोटो तिथंच ठेवून उठलो. माफी तशीच राहिली.

कॅमेऱ्याला परत हात लावला नाही. पण कुठं चार माणसं जवळ जवळ बसली की माझं मधलं बोट आपोआप वाकतं. मघाशी तुम्ही तिघं त्या बाकावर सरकून बसलात ना... तेव्हापासून वाकलेलंच आहे.

जरा वेळ डोळे मिटू नका.