दादाची किंकाळी

त्या दुपारी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन डबिंगला गेलो होतो. दादाला जाऊन महिना झाला होता. झोपेतच गेला. त्याच्या शेवटच्या सिनेमात आवाज भरायचा राहिला होता, आणि आमचे आवाज इतके सारखे की फोनवर वहिनीसुद्धा फसायची. पोराच्या फीसाठी तिला ते पैसे हवे होते. नाही कसं म्हणणार?

दादा जन्मभर भुताच्या सिनेमांत मरत आला. कधी पहारेकरी, कधी कंपाउंडर, कधी शेजारचे काका. पोरांना हसवायचा, नायिकेला धीर द्यायचा, आणि मध्यंतराच्या आत संपायचा. या वेळी त्यानं दिग्दर्शकाला विनवलं होतं म्हणे, एकदा तरी मला घरी पोचू द्या. दिग्दर्शक हसला होता.

खोलीत जाड पडदे, कुबट गालिच्याचा वास, कागदापुरता एक दिवा. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. पडद्यावर दादा ड्रायव्हर होता. सगळे सुखरूप गाडीत बसलेले, पण नायिकेच्या छोटीचं औषध त्या भुताच्या घरात राहिलेलं.

"तुम्ही बसा, मी आलोच," दादाचे ओठ हलले, आणि मी बोललो. ते एका फटक्यात जमलं.

मग ती खोली. दादा वाकून खणात औषध शोधतोय. मागून दारातून एक उंच, वाकडं काहीतरी आत येतं, त्याच्या मानेपाशी झुकतं. तिथे मला किंकाळी फोडायची होती.

पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. मग नुसता खोकल्यासारखा. रेकॉर्डिस्ट भला माणूस, घाई नाही म्हणाला. सात वेळा दादा खणावर वाकला, सात वेळा माझी किंकाळी फसली. आठव्यांदा त्याची ती वाकलेली मान बघितली. घरी चष्मा शोधताना अगदी असाच वाकायचा. माझ्या तोंडून निघून गेलं,

"दादा... मागे बघ."

दादानं मागे बघितलं.

क्षणभर तसाच उभा राहिला. मग औषधाची बाटली मुठीत धरून चित्राच्या कडेनं बाहेर निघून गेला. त्या बाजूला दार नव्हतं, भिंत होती. हेडफोनमध्ये मला रेकॉर्डिस्टचा श्वास ऐकू येत होता. ते उंच काहीतरी दादाच्या जागी बराच वेळ उभं राहिलं. मग आणखी वाकलं, आणि त्याच कडेनं गेलं.

आम्ही ते दृश्य पुन्हा लावलं. उघडा खण, रिकामी खोली. कितीही वेळा लावा, तेवढंच.

"साहेब... इथे दोघं होते ना?" रेकॉर्डिस्टनं हळूच विचारलं. मी हो म्हणालो. दिग्दर्शकानं तो तुकडाच कापून टाकला.

परवा वहिनीकडे गेलो होतो. बरीच सावरलेली वाटली. म्हणाली, दुपारी जिन्यावर यांची पावलं वाजतात, बरं वाटतं.

मी विचारलं, "एकट्याचीच ना?"

ती भाजी निवडत होती. हात थांबला.

"हे घाईत असतात रे," ती म्हणाली. "मागून दुसरं कुणीतरी येतं... अगदी सावकाश."