अकरा टोलांचा साक्षीदार

जगात घडण्यासारखं जे काही होतं ते ऑडेनबेकमध्ये पाचशे वर्षांपूर्वीच घडून गेलं, आणि युरोपच्या संस्कृतीचा खरा पाळणा इथेच हलला. असं स्टेशनबाहेरच्या फलकावर चार भाषांत लिहिलं आहे. खाली कुणीतरी खिळ्याने कोरलंय : 'परतीची गाडी पलीकडच्या फलाटावर.'

त्या वर्षी गावात एक पर्यटक आला. शनिवारी अकरा वाजता तो गोदेलीव्ह स्नूकच्या दारात उभा होता. डाव्या खांद्यावर कोबीचं पान, उजव्या हाताला हवालदार योरिस.

"बाई, मी डेरेक ब्रॅमॉल. यॉर्कशायरहून आलो. मी चोर नाही."

"बाराला जिल्ह्याची गाडी याला तुरुंगात न्यायला येतेय," योरिस म्हणाला. "तोवर याच्याकडे बघा. चौकात ठेवला तर बाजार उठेपर्यंत याची कोशिंबीर होईल."

गोदेलीव्ह ही गावातली एकुलती एक खाजगी गुप्तहेर. हरवलेली मांजरं आणि सापडू नयेत असे नवरे शोधणं, हा धंदा. जोडीला धाकटा दीर रोम्बाउट, निवृत्त पाववाला. त्याच्या डोक्यात विचार कणकेसारखा फुगायचा. सावकाश, आणि ऊब मिळाली तरच.

चोरी सगळ्या गावाला पाठ होती. विणकर संघाचा चांदीचा पेला काल सकाळी संघाच्या सभागृहातून गेला होता, आणि त्या सकाळी तो बघायला आलेला पाहुणा एकच : ब्रॅमॉल.

"तुम्ही तिथून किती वाजता निघालात?" गोदेलीव्हने विचारलं.

"अकराला. फोन बंद पडला होता, पण मनोऱ्याचे टोल मोजले. अकरा. अगदी बारीक, चमच्याने कप वाजवावा तसे. आमच्या गावची घंटा वाजली की दात हलतात."

"हे कुणाकुणाला सांगितलंत?"

"पोलिसांना, महापौरांना, सगळ्या चौकाला. ओरडून."

"वहिनी, हा आपल्या तोंडाने फासावर चढलाय," रोम्बाउट म्हणाला. "पेला पावणेअकराला जागेवर होता, अकरा वाजून पाच मिनिटांनी नव्हता. आणखी काय हवं?"

"भावजी, टोपी घाला."

चौघे चौकात उतरले. पहिली बटाटे तळणाऱ्या लिओन्टीनची गाडी. ब्रॅमॉलला पाहताच तिने झारा उगारला.

"हाच तो! बटाट्यावर व्हिनेगर मागतो! समोर मेयोनेझ असताना! माझ्या आजीच्या गाडीवर!"

"कधी आला होता?"

"मी काय घड्याळ बघत बसते? साडेदहाला शेगडी पेटवते, रोजच्यासारखी. हा टपकला तेव्हा कढईतली चरबी थिजलेलीच होती. म्हटलं, थांब. तर थांबला मेला, तापेपर्यंत इथेच."

"तापायला किती वेळ लागतो?"

"अर्धा तास. माझी चरबी कुणासाठी घाई करत नाही."

"हे योरिसला सांगितलंस?"

"त्याने चोरीचं विचारलं. बटाट्यांचं कुठे विचारलं?"

सभागृहाच्या दारात रखवालदार थिओफील झाडत होता. ब्रॅमॉलच्या बुटांवरून त्याने मुद्दाम झाडू फिरवला.

"पावणेअकराला मी पेल्याच्या कपाटाची काच पुसली," तो म्हणाला. "पेला होता. मग कॉफी प्यायला तळघरात गेलो. वर येतो तर कपाट रिकामं."

"पुसताना हे साहेब कुठे होते?"

"दिसले नाहीत. लपले असणार. चोर लपतातच."

"आणि आज हे काय झाडतोयस?"

"वेताच्या काटक्या. बाव्हो आजोबांच्या खोलीपुढे पडल्या होत्या. उंदीर, दुसरं काय."

बाव्हो आजोबा म्हणजे वेताचा दोन मजली पुतळा. जूनमध्ये मिरवणुकीला निघतो, उरलेलं वर्ष कुलुपात असतो. किल्ली फक्त संघप्रमुखाकडे.

संघप्रमुख युजीन डानेन्स पायऱ्यांवरच उभे होते. ते पर्यटन समितीचेही अध्यक्ष होते, आणि स्टेशनबाहेरचा तो फलकही त्यांचाच.

"मी इथेच होतो, बाई!" ते जमलेल्या गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाले. "डोक्यावर थोरली घंटा अकरा ठोके देत होती, छाती हादरत होती. तेवढ्यात हा बाहेर आला. कोट असा फुगलेला!"

"अकरालाच? नक्की?"

"एकेक ठोका मोजलाय."

"अंगठ्याला पट्टी कसली?"

"कागदाने कापलं."

"फेकून द्या त्याला कालव्यात!" गर्दीतून कुणीतरी सुचवलं. सूचनेला अनुमोदनही मिळालं.

तेवढ्यात मनोऱ्यातल्या धाकट्या घंटेने बारा टोल दिले. रोम्बाउटने खिशातून साडेअकराची गोळी काढून गिळली. ब्रॅमॉल मात्र पांढराफटक पडला, आणि त्याने दोन्ही मनगटं योरिसपुढे धरली.

"एवढी काय घाई आहे?" योरिस म्हणाला.

गोदेलीव्ह ब्रॅमॉलकडे बघत राहिली. मग हसली. तिचं हसणं गावात कुणाला आवडत नसे.

"योरिस, बाव्हो आजोबांची खोली उघडायची आहे. प्रमुखसाहेब, किल्ली द्या."

"कशासाठी?"

"सांगते. या माणसाने आत्ता हात का पुढे केले, भावजी?"

"घाबरट आहे म्हणून."

"बारा वाजले असं वाटलं म्हणून. आपल्याकडे अर्ध्या तासाला धाकटी घंटा पुढच्या तासाचे टोल देते. पाळण्यात असल्यापासून ऐकतो आपण. कुणी फसेल हे आपल्या स्वप्नातही येत नाही. काल यांनी ऐकले ते अकरा टोल बारीक होते, चमच्याने कप वाजवावा तसे. म्हणजे धाकटी घंटा. म्हणजे साडेदहा!"

रोम्बाउटच्या डोक्यात काहीतरी फुगू लागलं.

"साडेदहाला हे बाहेर पडले, थेट लिओन्टीनच्या गाडीवर. शेगडी नुकती पेटलेली, चरबी थिजलेली. ती तापेपर्यंत, म्हणजे अकरापर्यंत, हे तिथेच. म्हणून पावणेअकराला थिओफीलला पेला दिसला, हे दिसले नाहीत."

"पण वहिनी, प्रमुखसाहेबांनी तर यांना अकराला..."

"तेच तर. जे घडलंच नाही ते प्रमुखसाहेबांनी ठोके मोजून पाहिलं. ब्रॅमॉल चौकभर 'अकरा' ओरडले, प्रमुखसाहेबांनी ती चूक जशीच्या तशी उचलली आणि वर थोरली घंटा बसवली. निरपराध माणूस चुकतो. पण त्याच्या चुकीला जो डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार मिळतो, तो खोटाच. आता पट्टी सोडा. आत वेताचं कुसळ निघेल."

योरिसने किल्ली घेऊन खोली उघडली. बाव्हो आजोबांच्या पोकळ पोटात, जुन्या घोंगडीत, पेला होता.

"अकरा वर्षं माहितीपत्रकं छापतोय मी!" युजीन किंचाळले. "सगळे पर्यटक ब्रुझला जातात. तिथे कालवे आहेत म्हणे. आपला काय नाला आहे? एक चोरी, एक परदेशी चोर, की वर्तमानपत्रं आली असती, टीव्ही आला असता, आणि मागून माणसं!"

"एक आलं होतं," गोदेलीव्ह म्हणाली. "त्याला तुम्ही तुरुंगात पाठवत होतात."

तेव्हा थोरल्या घंटेचे बारा ठोके पडले. खिडक्या थरथरल्या, कबुतरं उडाली, ब्रॅमॉलने कान झाकले. जिल्ह्याची गाडी चौकात आली, आणि तिच्यात युजीन डानेन्स चढले. कोबीची पानं हातात तयार होती. गावाने ती वाया जाऊ दिली नाहीत.

मग सगळं गाव ब्रॅमॉलकडे वळलं. महापौरांनी टोपी काढली, घसा खाकरला आणि पाचशे वर्षांच्या आदरातिथ्याच्या नावाने विचारलं, "साहेब, ऑडेनबेक तुमचं गुन्हेगार आहे. काय मागाल ते देऊ. बोला!"

लिओन्टीनने शरमेने, आयुष्यात पहिल्यांदा फुकट, गरम बटाट्यांचा पुडा त्याच्या हातात ठेवला.

ब्रॅमॉलने पुड्यात डोकावून पाहिलं. मग चौकभर नजर फिरवली आणि भीतभीत विचारलं,

"थोडं व्हिनेगर मिळेल का?"