निवांतकाचं विरजण

स्वदेह कायदा झाला त्या वर्षापासून मिरजेत कोणाच्या घरी जायचं म्हणजे जरा जपूनच राहावं लागे. पाणी आणून देणाऱ्याच्या बोटात लोहचुंबक बसवलेला असायचा. चहा देणाऱ्याच्या मनगटाची कातडी दिवे गेले की हिरवी चमकायची. आमच्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक डोळे मिटून उत्तर दिशा दाखवत आणि लहान मुलं टाळ्या वाजवत. कायदा साधा होता. सज्ञान माणसाने स्वतःच्या शरीरावर हवा तो प्रयोग करावा, सरकार आड येणार नाही. दुसऱ्याच्या शरीराला मात्र त्याच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही. असे प्रयोग घरच्या घरी करणाऱ्यांना ‘घरजैविक’ म्हणत. जनुकं कापण्या-जोडण्याचं साहित्य स्टेशनरीच्या दुकानात, रांगोळीच्या डब्यांशेजारी मिळे. एका माणसाचं शरीर कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे सगळ्यांना माहीत असतं, असं कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांच्यातला कोणी स्वयंपाकघरात फारसा गेलेला नसावा.

धैर्यशील हेगिष्टे असाच एक घरजैविक. दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा व्यवसाय आणि काळजी करणं हा त्याचा स्वभाव. आपण श्वासयंत्रात बसवलेली झडप निसटली तर आत झोपलेल्या पेशंटचं काय होईल, या विचाराने त्याची झोप उडाली होती. गोळ्या घेऊन झाल्या, प्राणायाम झाला. शेवटी त्याने मागच्या खोलीत, जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर, दह्यातल्याच एका जंतूत चार जनुकं घालून नवा जंतू तयार केला. तो आतड्यात मुक्काम करी आणि मन शांत करणारं एक रसायन थेंबाथेंबाने सोडत राही. धैर्यशीलने त्याचं नाव ठेवलं ‘निवांतक’. दह्यातून तो घेतला आणि आठवड्याभरात हा गडी लहान मुलासारखा झोपू लागला.

त्याची बायको ऊर्मिला शाळेत गणित शिकवायची. शंकेखोरपणात तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. दुधाची पिशवी ती वास घेतल्याशिवाय फोडत नसे, आणि गौतमी, म्हणजे त्यांची नऊ वर्षांची मुलगी, दोनदा शिंकली की डॉक्टरांना फोन जायचा. “या बाईला देवाने दोन नाकं द्यायला हवी होती,” असं धैर्यशील म्हणायचा. पण त्या उन्हाळ्यापासून ऊर्मिलाही निवळली. घरात आवाज चढेनात. शेजारीपाजारी कौतुक करू लागले आणि तिलाही स्वतःचं कौतुकच वाटलं.

मग ऊर्मिलाची विट्याची मावशी चार दिवस राहायला आली. मावशीला दम्यामुळे दही-ताक वर्ज्य. तिने उंबऱ्यातूनच गौतमीकडे पाहिलं आणि पिशवी खाली टाकली.

“अगं ऊर्मिले, पोर निम्मी झाली की! कधीपासनं अशी वाळाय लागलीया?”

“वाढीचं वय आहे, मावशी.”

तासाभराने ती पुन्हा म्हणाली, “आणि ह्यो तांब्या? मी आल्यापासनं तिसऱ्यांदा भरून घेतलाय तिनं. डोळं फुटलं का काय तुमचं दोघांचं?”

मावशीने रिक्षा बोलावली, ऊर्मिलाला सोबत घेतलं आणि पोरीला उचलून दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर इतकी चढली होती की गौतमी दारातच बेशुद्ध झाली. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आता तिला जन्मभर इन्सुलिन लागणार होतं, आणि घरात कोणीतरी जन्मभर डोळ्यांत तेल घालून बसायला हवं होतं.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ऊर्मिला संत्रं सोलत बसली होती. मावशी रडून रडून थकली आणि तिच्याकडे बघतच राहिली. “तू अशी नव्हतीस गं,” ती म्हणाली. ऊर्मिलाला तेव्हाही भीती वाटली नाही. पण ती गणिताची बाई होती. उत्तर चुकलंय हे तिला कळलं. आत माझी मुलगी मरणाच्या दारात आहे आणि मला संत्रं गोड लागतंय, म्हणजे कुठलीतरी पायरी गाळली गेली आहे. काळजी वाटत नसतानाही तिने काळजीचं काम केलं. नवरा निवांतक घेऊन असाच निवला होता हे तिला आठवलं, आणि गौतमी सावरल्यावर ती थेट जंतू तपासणी केंद्रात गेली.

तिथल्या डॉ. रेहाना मुजावर घरजैविकांनी घालून ठेवलेले घोळ निस्तरण्यात आयुष्य काढत होत्या. त्यांनी तिघांचेही नमुने तपासले आणि दोन दिवसांनी ऊर्मिलाला बोलावलं.

“तुमच्या मिस्टरांच्या पोटात जो जंतू आहे, तोच तुमच्या आणि मुलीच्या पोटात आहे. घरात दही कोण लावतं?”

“मीच.”

“विरजण?”

“मध्ये एकदा माझं विरजण बिघडलं होतं. फ्रिजमध्ये ह्यांचा डबा होता. साधं दही समजून त्यातलं चमचाभर घेतलं.”

“एवढं पुरतं. काल लावलेल्या दह्यातलं आज, आजच्यातलं उद्या. तेव्हापासून तुमच्या घरी रोज तोच जंतू वाढतोय.”

“पण त्याने माझ्या मुलीला साखर झाली?”

“नाही. साखर व्हायची ती झालीच असती. त्याने उशीर झाला.” डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. “हे बघा, स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घालतात. काळजी म्हणजे तसा वास आहे. पोटापासून मेंदूपर्यंत एक लांब नस जाते, तिच्यातून हा जंतू सारखा निरोप पाठवतो, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. गळती होतच असते. तुम्हाला फक्त वास येत नाही.”

“म्हणजे त्याने मुद्दाम मला हे दिलं? मी फार किटकिट करायचे म्हणून?”

“जंतू कोणाचा ते मी सांगू शकते. मनात काय होतं ते माझ्या यंत्रात दिसत नाही. ते तुम्हालाच विचारावं लागेल.”

तिने त्याच संध्याकाळी विचारलं. धैर्यशील गौतमीसाठी मोसंबी चिरत होता. “मी कशाला देईन? तू आपणहून घेतलंस,” तो म्हणाला, आणि फोड तिच्याकडे केली. ऊर्मिलाचा लगेच विश्वास बसला. इतका सहज बसला, की त्या विश्वासावरचाच तिचा विश्वास उडाला. हा विश्वास माझा, की पोटातल्या त्या पाहुण्याचा? ते ठरवायचं तर आधी पाहुणा बाहेर काढायला हवा होता.

डॉ. मुजावरांनी सफाईचे उपचार दिले. औषधं, लंघन, पुन्हा औषधं. प्रकरण काही आठवडे चाललं, गौतमीचं अंमळ हळूहळू, मावशीच्या देखरेखीखाली. ऊर्मिलाच्या पोटातला निवांतक संपला, आणि एके दिवशी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता ती मध्येच दाराकडे वळली. गौतमी दवाखान्याच्या दारात कोसळली होती ते दृश्य तिला तेव्हा पहिल्यांदा खरं दिसलं. ती वर्ग सोडून घरी धावत आली आणि पोरीला पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडली.

त्यानंतर तिने नवऱ्याला तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याने तेच उत्तर, त्याच शांत आवाजात दिलं. या वेळी तिचा एका अक्षरावरही विश्वास बसला नाही. तो इतका शांत का आहे? मुलगी जाता जाता वाचली आणि हा हसतो कसा? स्वयंपाकघराला तिने कुलूप घातलं. त्याचा पेला वेगळा केला. त्याने गौतमीच्या ताटाला हात लावला की ती दुसरं ताट वाढायची.

“तूही सफाई करून घे,” शेवटी ती म्हणाली. “त्यानंतर मला उत्तर दे. नाहीतर मी हिला घेऊन विट्याला चालले. तू मुद्दाम केलं असशील, तर ही या घरात राहणार नाही.”

“करतो की. त्यात काय,” धैर्यशील म्हणाला. त्याला त्याचीही काळजी वाटली नाही.

सफाई झालेला धैर्यशील पाहवत नव्हता. पाठ भिंतीला लावून तो जमिनीवर बसला होता. इतक्या महिन्यांत कोणकोणती यंत्रं आपण नीट न तपासता दिली, हे आठवून त्याचं धाबं दणाणलं होतं. डॉ. मुजावर तपासणीसाठी घरी आल्या होत्या, त्यांच्यासमोरच तो बोलला.

“मी दिलं नाही. खरंच नाही. पण… तू त्या दिवशी माझ्या डब्यातून विरजण घेतलंस ना, तेव्हा मी तिथेच होतो. बघत होतो.”

“आणि?”

“बोललो नाही.”

“का?”

“बोलायला पाहिजे असं वाटलंच नाही गं! कळत होतं सगळं. आता हे पोरीच्या पोटात जाणार, हेही कळत होतं. पण ते कळून आत काही हललंच नाही. ‘असू दे,’ एवढंच वाटलं.” तो तोंड झाकून रडू लागला.

ऊर्मिलाला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. डॉक्टर मात्र पेन हातात तसंच धरून बसल्या होत्या.

“हे मला सुचायला हवं होतं,” त्या सावकाश म्हणाल्या. “ज्या जंतूमुळे माणूस घाबरतो, त्याला माणूस आवरतो. हात धुतो, भांडी उकळतो, दुसऱ्याला सावध करतो. हा जंतू तसं करूच देत नाही. याला पसरायला वेगळी हुशारी लागत नाही. ज्याच्या पोटात हा आहे, त्याला तो पसरतोय याचं काहीच वाटत नाही, बस.”

“म्हणजे याचा काही दोष नाही, असंच ना?” ऊर्मिला कडाडली. “माझ्या मुलीला समोर बसून विष दिलं, आणि दोष जंतूचा! जीव असलेल्या माणसाला एक शब्द बोलता येत नाही? मी असते तर बोलले असते.”

तिने गौतमीचे कपडे बॅगेत भरायला घेतले. तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या कुरुंदवाडे वहिनी होत्या, हातात झाकण घातलेली स्टीलची वाटी.

“किती दिवस झाले, वाटी तशीच राहिलीय तुमची. रिकामी कशी आणायची, म्हणून दही घातलंय. तुमच्याच विरजणाचं हं. काय लागतं हो!”

“माझ्या?”

“विसरलात? तुम्ही त्या तपासणीच्या डॉक्टरांकडनं आलात ना, त्याच दिवशी नाही का दिलंत? ‘यात ह्यांचा कसलासा जंतू निघालाय म्हणे,’ असं तुम्हीच म्हणालात की. आपण दोघी हसलो.”

ऊर्मिलाने बॅगेवरचा हात काढला. तिला सगळं लख्ख आठवलं. निकाल पर्समध्ये होता. वहिनींच्या घरात दोन नातवंडं आहेत हेही डोक्यात होतं. आणि तिने स्वतःच्या हाताने, चमच्याने, वाटी काठोकाठ भरली होती. भिंतीशी बसलेला धैर्यशील तिच्याकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघू शकली नाही.

“वहिनी, ते दही टाकून द्या,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. घरातल्या सगळ्यांना तपासायला घेऊन चला. त्याने काळजी मरते माणसाची. पोरं आजारी पडली तरी तुम्हाला कळणार नाही.”

“अगं बाई!” कुरुंदवाडे वहिनी गोड हसल्या. “जाऊ की. सवड झाली म्हणजे जाऊ. त्यात एवढं घाबरायचं काय?”

“तुम्ही अजून कोणाला दिलंय का ते विरजण?” डॉ. मुजावरांनी उठून विचारलं.

“दिलंय की. माझ्या नणंदेची मेस आहे, नर्सिंगच्या मुलींची. अतिदक्षता विभागात ड्युटी असते हो त्या पोरींची, फार ताण असतो. तिला डबाभर दिलंय. आता म्हणते, मुली कशा अगदी निवांत झाल्यात.”