कान्हाने न कापलेलं जाळं

हसताय? हसा. नारळी पौर्णिमेला अजून आठ दिवस आहेत आणि तुम्ही दोघं खाडीत चोरून जाळं लावून आलात, वर माझ्यासमोर दात काढताय! उत्तम, कंदिलाची वात बारीक कर. गणू, खाली बस. आपल्या कळव्याच्या कान्हाचं काय झालं ते आधी ऐका, मग काय हसायचं ते हसा.

त्रेपन्न साल. श्रावण शुद्ध सप्तमी. पावसाने चार दिवस उघडीप दिलेली. मध्यरात्री चंद्र मावळला, भरती लागली, तशी कान्हाने होडी सोडली. काम साधंच होतं. गोणपाटात गुंडाळलेली करवत कल्याणच्या एका कंत्राटदाराला पोचवायची. त्याला ती दिवाणखान्यात टांगायची होती. बदल्यात तो कान्हाला नवी होडी देणार होता.

करवत म्हणजे सुताराची नव्हे रे, करवत माशाची. तुम्ही तो मासा पाहिलाय कुठे! होडीच्या निम्म्याएवढा, आणि तोंडापुढे दोन्ही बाजूंनी दाते असलेलं हातभर पातं. श्रावणात मादी खाडीत वियायला यायची. अंडी नाही, जिवंत पिल्लं. पिल्लांना करवत पोटातच फुटलेली असते. मग आईचं पोट फाटत नाही? नाही फाटत. प्रत्येक पिल्लाच्या करवतीवर मऊ कातडीची खोळ असते, बाहेर आलं की ती गळते. म्हणून आपल्या वाडवडलांनी नेम घालून दिलेला. गाभण करवत जाळ्यात अडकली, तर मासा ओढायचा नाही, आपलं जाळं कापायचं. त्या फाटक्या जाळ्याची कोणाला लाज वाटत नसे.

सप्तमीच्या पाच दिवस आधी कान्हाने असंच चोरून जाळं टाकलं, आणि नेमकी तीच अडकली. बायको भागीरथी बरोबर होती. ती ओरडली, "आवो, जालं कापा! तिचे पोटान पोरां हान!"

"नवं कोरं जालं हाय," कान्हा म्हणाला, आणि कोयता करवतीवर चालवला. पोट फाडलं. सात पिल्लं चिखलात पडली. साती खोळीसकट! आईला इजा होऊ नये म्हणून देवाने खोळ घातली, आणि या नालायकाने कोयता घातला. माझा सख्खा मावसभाऊ, तरी सांगतो, नालायक! भागीरथी त्या दिवसापासून त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

तर त्या रात्री होडी पारसिकच्या डोंगराखाली आली. वारा पडला. कान्हा वल्हवत होता, भरतीही पाठीशी होती. पण होडी हलेना.

तळाखाली आवाज आला.

खर्र... खर्र...

खडक असेल. त्याने वल्हं खाली घातलं. काहीच लागलं नाही.

खर्र... खर्र...

त्याने गोणपाट चाचपलं. ओलंचिंब. चुलीवर पाच दिवस वाळवलेली करवत... तिच्यातून पाणी गळत होतं. त्याने ती उचलली आणि खाडीत भिरकावली.

"घे! तुजी तूच घे!"

शांत...

मग पुन्हा. आता चहूबाजूंनी. बारीक आवाज. मऊ. लाकडावर ओलं फडकं घासावं तसे. त्याने कान देऊन मोजले. पाच... सहा...

सात.

पाणी होडीत आलं. घोट्यापर्यंत. कान्हा रडला. हात जोडले. भागीरथीला हाक मारली. ती कुठली ऐकते...

पायात जाळं अडकलं. तेच. नवं कोरं.

त्याने कोयता उचलला. जाळ्यावर घातला.

एक आवाज थांबला.

पुन्हा घातला...

सकाळी मुंब्र्याच्या रेतीवाल्यांना तो गाळात रुतलेल्या होडीत सापडला. जिवंत होता. जाळ्याच्या चिंध्या झालेल्या, तरी कापतच होता. कोयता हातातून सोडवायला दोन माणसं लागली.

सहा वर्षं झाली. या खाडीत पुन्हा करवत दिसली नाही. एकही नाही! उरलीसुरली एखादी या दिवसांत वियायला आलीच, तर ती कुठे अडकेल? तुमच्या जाळ्यात, गाढवांनो! आता हसा की!

होडी मीच ओढून आणली होती. पालथी घालून तळ पाहिला, कुठे चीर नव्हती. आणि ती पिल्लं मी माझ्या हातांनी किनाऱ्यावर पुरलेली, खोळीसकट. होडी पालथी घालण्याआधी पाणी उपसता उपसता बोटांना काहीतरी मऊ लागलं. बाहेर काढून फळीवर मांडलं.

खोळी होत्या. ओल्या. सात.

सातही रिकाम्या.