सात वाजता उशिरा पोचणारा हात

आमच्या हिंगणमाळ गावातलं घरोघरी पोचणारं इंटरनेट साऱ्या जिल्ह्यात सगळ्यात वेगवान. मग रोज संध्याकाळी सात वाजता माझ्या आईचा हात उशिरा का पोचायचा? या एका प्रश्नाने त्या आठवड्यात मला धड बसू दिलं नाही, जेवू दिलं नाही आणि गणिताच्या तासाला बाकावर उभं केलं ते वेगळंच.

आई बंदरावरची क्रेन चालवते, पण बंदरावर जात नाही. आमच्या मधल्या खोलीत खुर्चीवर बसते. डोळ्यांवर दूरदृश्य चष्मा लावते (क्रेनवरचा कॅमेरा जे बघतो ते यातून दिसतं) आणि हातात संवेदक मोजे घालते (हे बोटांची हालचाल ओळखून ती आज्ञा म्हणून पाठवतात). तिने मूठ आवळली की दूर समुद्रकाठी क्रेन घराएवढा कंटेनर उचलते. मनगट वळवलं की क्रेन वळते. तळवा दाखवला की थांबते.

सोमवारी संध्याकाळी आईने तळवा दाखवला आणि क्रेन थांबली नाही. एक, दोन म्हणेपर्यंत कंटेनर खाली येतच राहिला. त्याच्याखाली पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस होता. त्याने बाजूला उडी मारली म्हणून वाचला.

लगेच पर्यवेक्षक बाईंचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. "वृषालीताई, तुमचा हात चांगला आहे, पण सातच्या सुमाराला तो उशिरा येतो. शुक्रवारी मी स्वतः बघणार आहे. पुन्हा असं झालं तर तुम्हाला शहरातल्या केंद्रात येऊन काम करावं लागेल. खाली माणसं असतात हो."

शहरातलं केंद्र म्हणजे बाराशे किलोमीटर. म्हणजे आई सणावारालाच घरी येणार. आईने चहा टाकला, गॅस बंद केला, पुन्हा लावला आणि चहा न घेताच अंगणात येरझाऱ्या घालू लागली. मला तर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

यातली गंमत म्हणजे गावात हे इंटरनेट आणलं कुणी, तर आमच्याच अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे आजोबा, प्रकाशीय तंतूंचे शास्त्रज्ञ (प्रकाशीय तंतू म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार, तिच्यातून माहिती प्रकाशाच्या रूपात धावते). गावात नळयोजनेचे चर खणले जात होते तेव्हा अण्णा चरात उतरून उभे राहिले आणि म्हणाले, "पाण्याच्या पाइपाशेजारी माझीही एक नळी टाका, मगच माती लोटा." माती लोटणारे वैतागले, पण नळी टाकली. नंतर त्या नळीतून तंतू ओवले. शहरातले लोक तांब्याच्या तारेवरच्या इंटरनेटची वाट बघत पडद्यावर गोल फिरणारं चक्र बघत बसायचे तेव्हा आमच्याकडे म्हशीच्या गोठ्यापर्यंत काच पोचली होती.

तेव्हापासून गावाला पहिल्या नंबराची चटक लागली. एसटी स्टँडसमोर अण्णांनी एक मोठा फलक उभारला. रोज सातला नगरपंचायतीचा भोंगा वाजतो, घरोघरी लोक मोबाईलवर 'मोजा' हे बटण दाबतात आणि साऱ्या गावाचा मिळून वेग फलकावर झळकतो. अर्धा तास हा खेळ चालतो. शेजारची कुरणवाडीही असंच मोजायची आणि कायम आमच्या मागे असायची. पण गेल्या महिन्यात त्यांनी आम्हाला जवळजवळ गाठलं आणि आमच्या लोकांची झोप उडाली. एकदा बटण दाबून कुणाचं समाधान होईना. जेवताना दाबायचे, भांडताना दाबायचे, देवापुढे हात जोडून झाले की दाबायचे.

मी शोध सुरू केला तो ठोकळ्याला घेऊन. ठोकळ्या हा अण्णांचा जुना तपासणी यंत्रमानव. त्याचं एक चाक डगडगतं आणि तोंड फटकळ आहे.

"ठोकळ्या, बंदरापर्यंत निरोप जाऊन यायला किती वेळ लागतो ते सांगशील?"

"पिंग करतो," तो म्हणाला (पिंग म्हणजे चिमुकला संदेश पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजणं). "मी विचारतो, 'आहेस का?' तिकडचं यंत्र म्हणतं, 'आहे.' बस. माणसांना इतक्या थोडक्यात बोलता आलं असतं तर बरं झालं असतं."

मंगळवारी दुपारी पापणी लवायच्या आत उत्तर आलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच. मग संध्याकाळी भोंगा वाजला.

"विचारलं," ठोकळ्या म्हणाला. "वाट बघतोय. अजून बघतोय. शर्वरी, तू पाय आपटू नकोस, त्याने उत्तर लवकर येत नाही. आलं."

मी खिडकीतून फलकाकडे पाहिलं. तिथे आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा चमकत होता आणि खाली लोक टाळ्या वाजवत होते. साडेसातनंतर ठोकळ्याची उत्तरं पुन्हा झटपट यायला लागली. माझं डोकं फिरायची वेळ आली. वेग सगळ्यात जास्त, तेव्हाच निरोप सगळ्यात उशिरा?

मी तडक अण्णांकडे गेले. "अण्णा, तुमची लाईन सात वाजता हळू होते."

"माझी लाईन?" अण्णांनी चष्मा काढून पुसला. त्यांना राग आला की ते चष्मा पुसतात. "फलक बघितलास काय? अगं, तंतूत प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पळतो (काचेच्या कडेवर आपटून पुन्हा आत वळतो, बाहेर सांडत नाही). इथनं बंदरावर जाऊन यायला त्याला पापणी लवण्याएवढासुद्धा वेळ लागत नाही. प्रकाश काय सात वाजता दमतो व्हय?"

प्रकाश दमत नाही, हे मलाही पटलं. मग वेळ जात कुठे होता? रात्रभर मी कूस बदलत राहिले.

उत्तर सापडलं बाबांच्या पिठाच्या गिरणीत. बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिथे पोती रांगेत ठेवायच्या ओट्यावर बसून नखं खात होते. सुलाकाकू नातवासाठी वाटीभर नाचणी घेऊन आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्यावर त्या चिडल्या. "गिरणी तर धडाधडा चाललीया की. मग मला कशापायी खोळंबून ठेवलंय?"

"काकू, गिरणी जोरातच हाय," बाबा म्हणाले. "पण तुमच्या म्होरं वसतिगृहाची पोती हाईत. ती झाल्याशिवाय तुमची वाटी कशी घेऊ?"

मी उठून उभीच राहिले. गिरणी किती पीठ दळते ही एक गोष्ट, आणि काकूंची वाटी दळून मिळायला किती वेळ लागतो ही दुसरी. पहिलीला म्हणतात वहनक्षमता (एका वेळी किती माहिती जाऊ शकते), दुसरीला म्हणतात विलंब (एक निरोप पोचायला किती वेळ लागतो). फलक फक्त पहिलीच मोजत होता. आईचा 'थांब' हा वाटीभर निरोप होता.

मी घरी पळत आले. "ठोकळ्या, 'मोजा' दाबलं की नक्की काय होतं?"

"भुशाची पोती जातात," ठोकळ्या म्हणाला. "वेग कळावा म्हणून यंत्र बिनकामाच्या माहितीचे ढीग पाठवतं आणि ते किती वेळात गेले ते बघतं. पलीकडे पोचले की टाकून देतात."

"सगळ्या गावाने एकदम दाबलं तर?"

"तर सगळं गाव एकदम भुसा पाठवतं. घराघरांतले तंतू पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत एकत्र येतात. तिथून पुढे वाट एकच. ज्याला लगेच जाता येत नाही तो बफरमध्ये थांबतो (बफर म्हणजे वाट बघणाऱ्या माहितीची तात्पुरती जागा)."

"गिरणीच्या ओट्यासारखी?"

"तसंच. ओटा छोटा असला की जागा संपते, उरलेली पोती परत जातात आणि पाठवणारा समजून हात आखडता घेतो. ओटा मोठा असला की सगळी पोती मावतात, पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही आणि रांग वाढत जाते."

"आपला ओटा केवढा आहे?"

ठोकळ्या जरा घुटमळला. तो सहसा घुटमळत नाही. "गेल्या दिवाळीत अण्णांनी वीसपट मोठा केला. माहितीचा एक कणही परत जायला नको म्हणून."

गुरुवारी भोंगा झाल्यावर मी अण्णांना ठोकळ्याशेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग त्यांनी स्वतः पिंग केलं. उत्तर येईना तसे ते पुढे झुकले. पुन्हा केलं. फलकाकडे टाळ्या वाजत होत्या आणि अण्णा तिसऱ्यांदा पिंग करत होते.

"पोरीचं बरोबर आहे," ते ठोकळ्याला म्हणाले. माझ्याकडे बघायला त्यांना जमेना. "ओटा लहान करायला हवा. छोट्या निरोपांना वेगळी रांग द्यायला हवी. पण त्याला आठवडा लागेल. घाईत हात घातला तर सगळं गाव बंद पडायचं."

"पण आईची परीक्षा उद्या आहे."

"मग उद्या कुणी बटण दाबायला नको."

म्हणजे भोंगा नको, फलक नको आणि कुरणवाडी पहिली. अण्णांची आयुष्यभराची कमाई त्या फलकावर होती, हे मला कळत होतं. तरीही मला राहवलं नाही. "अण्णा, तुम्हाला नंबर पाहिजे का आई पाहिजे?" मी विचारलं. ते उठले आणि न जेवता खोलीत गेले.

शुक्रवारी सात वाजायच्या आधी मी स्टँडवर पोचले तर लोक मोबाईल घेऊन तयारच होते. गर्दीतून अण्णा आले, फलकामागची पेटी उघडली आणि फ्यूज काढून खिशात टाकला. फलक काळा पडला.

"अण्णा, लाईट गेली काय?" कोपऱ्यावरचे हॉटेलवाले बाजीरावदादा म्हणाले.

"मी घालवली."

"अवो, कुरणवाडीवाले म्होरं जातील की."

"जाऊ द्यात. बाजीराव, माझी सून आत्ता बंदरावरची क्रेन चालवतीया. तिच्या खाली एक माणूस उभा असतो. आपण सगळे मिळून भुसा पाठवतो आणि तिचा 'थांब' त्या भुशामागं अडकून पडतो. सोमवारी तो माणूस जायचाच, थोडक्यात वाचला. ही चूक माझी हाय, तुमची न्हाई. पण आज कुणी बटण दाबू नका."

बाजीरावदादांनी मोबाईल खिशात घातला, काढला, परत घातला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "एका बटणानं काय होतंय?" अण्णांच्या सांगण्यावरून भोंगा वाजला नाही, पण घड्याळं सगळ्यांकडे होती. घरी बसलेले लोक काय करतील, ते कुणाच्याच हातात नव्हतं. मी अण्णांचा हात धरला आणि आम्ही जवळजवळ धावतच घरी आलो.

आईला जे दिसतं ते मधल्या खोलीतल्या भिंतीवरच्या पडद्यावरही दिसतं. कोपऱ्यात पर्यवेक्षक बाईंचा चेहरा होता. कंटेनर खाली येत होता. खाली तोच पिवळ्या हेल्मेटचा माणूस हाताने इशारे करत होता. एवढ्यात समुद्रावरून वारा आला आणि कंटेनर त्याच्या बाजूला झुकला. आईने तळवा दाखवला.

क्रेन तिथल्या तिथे थांबली.

आईने मनगट हळूच वळवलं, झोका शांत केला आणि कंटेनर जागेवर टेकवला. पर्यवेक्षक बाई थोडा वेळ आकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वृषालीताई, तुम्ही आहात तिथेच बरं चाललंय. इकडे येऊ नका."

खालच्या माणसाने कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. आईने क्रेनचा दिवा मिचकावला.

"तो कुणाला हात करतोय?" अण्णांनी विचारलं.

"मला, अण्णा. रोज करतो."

अण्णा खुर्ची सोडून पडद्यासमोर जमिनीवरच बसले. "रोज," ते म्हणाले. "आणि मी त्या वेळेला फलकाखाली टाळ्या वाजवत होतो." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मग नाक पुसून ठोकळ्याला म्हणाले, "उद्या सकाळी टाकीखालची खोली उघडायची. छोट्या निरोपांची रांग आधी. ती नीट झाली की कुरणवाडीलाही बसवून देऊ, आता पहिला नंबर त्यांचा, म्हणजे त्यांच्याकडे पोती जास्त होणार. रांग नीट लागली तर उद्या या तंतूवरून डॉक्टरसुद्धा लांबच्या रोग्याची शस्त्रक्रिया करतील. शर्वरी, तू येणार न्हवं?"

मी मान हलवली.

तेवढ्यात दाराशी चपलांचा आवाज झाला. बाजीरावदादा उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांच्यामागे स्टँडवरचे पुष्कळ लोक होते आणि अंगणात मावेनात म्हणून काही रस्त्यावर उभे होते. मला वाटलं, कुरणवाडीचा आकडा सांगायला आले असतील.

बाजीरावदादांनी आत वाकून बघितलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, कंटेनर थांबला का वेळेवर?"