आभाळावरचा पाय

"अहो! आधी आभाळावरून खाली उतरा!"

मी ओरडले तसा तो दचकला आणि जागच्या जागी थांबला — नेमका जिथे थांबू नये तिथे. नाटकाचा मागचा पडदा रंगवायचा म्हणजे कापड जमिनीवर पसरायचं, लांब दांड्याचा ब्रश घ्यायचा आणि पायांत नुसते मोजे घालून आपल्याच चित्रावर चालत काम करायचं. बूट-चपला दाराबाहेर. गावच्या कलाकेंद्रात येणाऱ्या शेंबड्या पोरांनाही हे ठाऊक होतं. आणि हा भला माणूस पावसातले चिखलाचे बूट घेऊन माझ्या ओल्या आभाळात उभा!

"उतरू कुठून?" त्याने हळूच विचारलं. "पुढे समुद्र दिसतोय... आणि मला पोहता येत नाही."

मला हसू आलं आणि हसू आल्याचाच राग आला. कितीतरी महिन्यांत मी हसले नव्हते. ते काम कुणा सोम्यागोम्याने येऊन करावं?

"आलात तसेच मागे जा. त्याच ठशांवर पाय ठेवून."

तो गेला, अगदी तोल सांभाळत. दाराशी बूट काढले तेव्हा एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. तो लपवायला त्याने एक पाय दुसऱ्यावर ठेवला... आणि माझा राग काही टिकला नाही.

तो नाटकाचा मास्तर होता. गावोगावच्या केंद्रांत जायचं, आईवडील आणि मुलं यांना एकत्र घेऊन नाटक बसवायचं, प्रयोग झाला की पुढचं गाव. आमचं केंद्र चालवणाऱ्या काकूंनी बाहेरच्या फळ्यावर येणारे कार्यक्रम लिहिले होते: सहकुटुंब मातीकाम, आजी-आजोबांचं गोष्टीवाचन, जलरंगांचा वर्ग. सगळ्यात खाली लाल खडूने, कुटुंबांचं नाटक, 'दिवा विझलेलं बेट'. "गावाने तोंड पाडून बसायचं तरी किती दिवस?" काकू म्हणायच्या.

गावाने तोंड पाडलं होतं ते माझ्या दादामुळे. गेल्या वर्षीच्या वादळातून सगळ्या होड्या परत आल्या, त्याची तेवढी आली नाही. काहीच सापडलं नाही, फळकूटसुद्धा नाही. आई म्हणायची, "येतो म्हणून गेलाय. येईल." दर आठवड्याला ती दादाचे लोकरीचे मोजे धुवायची, ओसरीच्या दोरीवर वाळत घालायची, घडी करून ठेवायची. न वापरलेले मोजे. मला त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. आणि आई घराबाहेर पडत नव्हती, तो आला आणि दाराला कुलूप असलं तर?

मास्तरच्या बुटाच्या ठशाचा मी ढग केला. दुसऱ्या दिवशी त्याने तो बरोबर ओळखला.

"हा माझा ना?"

"तुमचा कसला? ढग आहे तो."

"टाच दिसतेय."

"मग पुसते."

"नको... राहू दे. आभाळात जागा कुणाला मिळते?"

असं रोज चालायचं. तालीम संपली की तो दाराशी बसायचा, मी रंगवायचे. मी मान वर केली की तो घाईने कागदात बघायचा, कधी कधी ते कागद उलटे धरलेले असायचे. मी त्याची वाट बघू लागले होते. आमच्या घरात वाट बघणं म्हणजे काय असतं हे माहीत असूनही.

"समुद्र सुरेख झालाय," एकदा तो म्हणाला. "पण रिकामा. एक होडी काढा ना."

"मला होडी येत नाही."

"एवढा समुद्र येतो आणि होडी येत नाही?"

"नाही येत," मी म्हणाले आणि ब्रश धुवायला निघून गेले.

एका संध्याकाळी पावसामुळे तो छत्री घेऊन मला घरापर्यंत सोडायला आला. छत्री एक, म्हणून खांद्याला खांदा लागत होता आणि दोघंही त्याबद्दल काही बोलत नव्हतो. आईने त्याला आत बसवलं. भिंतीवरचा फोटो दाखवला — दादा, मागे त्याची लाल होडी, कडेला पांढरा पट्टा.

"हा माझा मोठा. समुद्रावर गेलाय. येईलच आता."

मास्तरने दोरीवरच्या मोज्यांकडे पाहिलं. "मग हे लवकर वाळायला हवेत. नाहीतर ओरडेल तुमच्यावर."

आई हसली. माझी आई हसली! मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिच्यासमोर काय सांगणार होते?

फाटकापाशी तो म्हणाला, "दादा आला की ओळख करून देशील?" पहिल्यांदाच 'देशील'.

"देईन," मी म्हणाले. सगळं गाव माझ्याकडे बघताना आधी दादाचं मरण बघायचं. या एकाच माणसाच्या नजरेत दादा जिवंत होता, कामावर गेलेला होता. मला ते मोडवेना.

रंगीत तालमीला आई आली. मास्तरने घरी जाऊन गळ घातली होती. तिने दाराला कुलूप लावलं नाही, नुसती कडी घातली. आम्ही पुढे बसलो. पडदा उघडला...

माझ्या रिकाम्या समुद्रात होडी होती. लाल. कडेला पांढरा पट्टा. डावीकडच्या धक्क्याकडे तोंड करून ती घरी येत होती. मास्तर विंगेत उभा राहून माझ्याकडे बघत होता, हाताला लाल रंग आणि तोंडभर हसू. त्याने माझ्यासाठी भेट आणली होती.

राजा झालेल्या एका बापाने कागदी मुकुट काढून हातात घेतला. मास्तरचं हसू हळूहळू उतरलं.

आई उठली. पायऱ्या चढून पडद्याशी गेली. मी मागोमाग धावले.

"आई, रंग ओला असेल गं."

तिने तरीही बोट लावलं. बराच वेळ ती त्या होडीकडे बघत राहिली. मग वळून मास्तरला म्हणाली, "हिचं तोंड फिरव रे बाळा."

"कुठे, आई?" त्याने विचारलं.

"समुद्राकडे. ही येत नाहीये. गेली ती."

आणि ती रंगमंचावरच खाली बसली आणि रडली. वादळानंतर पहिल्यांदा. मीही तिला धरून बसले. गावातल्या लोकांसमोर, झगझगीत दिव्यांत, आम्ही मायलेकी दादासाठी रडलो.

तालीम तिथेच थांबली. काकूंनी आईला घरी नेलं. पडदा उतरवून आम्ही पुन्हा जमिनीवर पसरला. मास्तर कडेलाच उभा राहिला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्याशी बोलताना तो असायचा," मी म्हणाले. "नंतर नसायचा."

त्याने बूट काढले, पण पाऊल पुढे टाकेना. "मी पाय ठेवू का? हक्क आहे का मला?"

"ठेव की. पण हे घालून," मागून आईचा आवाज आला. ती घरून परत आली होती, डोळे सुजलेले, हातात घडी केलेले लोकरीचे मोजे. "त्याचे आहेत. फाटक्या मोज्यांनी कामं करायची नसतात."

त्याने ते घातले. आम्ही दोघांनी मिळून होडीचं तोंड फिरवलं. तो डबा धरत होता, मी रंगवत होते. शेवटचा पांढरा पट्टा ओढताना त्याने माझा हात धरला आणि सोडला नाही.

"माझा जीव जडलाय तुझ्यावर," तो म्हणाला. "भलत्या वेळी सांगतोय..."

"भलत्याच जागी पाय ठेवायची सवय आहे तुला," मी म्हणाले. "माझाही जडलाय."

प्रयोग झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मोठ्यांनी डोळे पुसले. पुढच्या गावी त्याची तालीम ठरलेली होती, आणि आईला इतक्यात एकटं सोडणं मला शक्य नव्हतं. निघायच्या दिवशी तो आमच्या ओसरीवर आला. पायांत दादाचे मोजे. आईच्या पाया पडला, माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, म्हणून त्याने तो शब्द टाळला.

"निघतो मी."

दादाही याच पायरीवरून गेला होता, आणि ही पायरी मला पुन्हा बघवत नव्हती. दोरीवर मास्तरचे फाटके मोजे वाळत होते, अंगठ्याचं भोक आईने रात्री बसून शिवलं होतं. ते चाचपत ती म्हणाली,

"घरातून जाताना असं म्हणतात होय? नीट म्हण."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"येतो," तो म्हणाला.

"ये," आई म्हणाली.