गॅस आसा, जायत

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी तारकर्लीला येऊन माझ्या आईचं पोट बघावं. दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या बारीक खुणा आहेत, आणि त्यांच्या मधोमध उभा, लांब व्रण. तो कसा आला तेच सांगते.

२००४ साल. दिवाळी नुकतीच झाली होती. हॉस्पिटल मालवणपासून फार लांब नाही. नाव सांगणार नाही.

तिथेच आदल्या वर्षी माझी सावित्री मावशी गेली. कट्टा गावच्या बाजारात मासे विकायची. आवाज असा, की स्टँडवरची माणसं वळून बघायची. पित्ताशयात खडे झाले म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन केलं.

"बारीक भोकं पाडायची. परवा घरी," डॉक्टर म्हणाले होते.

नंतर ती पोट धरून ओरडत राहिली. डॉक्टरांचं एकच... "गॅस आहे. जाईल."

मावशीच गेली.

सांगितलं काय, तर हार्ट बंद पडलं.

आणि आता आईलाही तेच खडे. मी बाबांशी भांडले, तिथे नको म्हणून.

"मगे खंय न्हेव? गोव्याक?" बाबा म्हणाले. "ह्या दुखण्यात ती थंयसर पोचात?"

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईचं पोट फुगून दगडासारखं झालं. अंग तापाने फणफणलं.

"किशोरी, माका बरा वाटणा नाय गो... आत आग पडलीहा."

तेच डॉक्टर आले. पोटाला धड हातसुद्धा लावला नाही.

"गॅस आहे. जाईल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "माझ्या मावशीलाही हेच सांगितलंत तुम्ही!"

"कोण मावशी?"

त्यांना आठवतही नव्हती ती!

तेवढ्यात... बेल वाजली.

खिडकीजवळच्या खाटेची बेल. त्या खाटेवर गादीसुद्धा नव्हती.

मावशी त्याच खाटेवर गेली होती.

नर्स तुळसाबाई बेल बंद करायला धावली. थांबेना. तिने वायरच उपटली.

तरी वाजतच राहिली...

मग एकदम गप्प. पंखा गरगर फिरत होता, पण त्याचाही आवाज येईना.

डॉक्टर वाकले. दोन्ही हातांनी पोट धरून खाली बसले. चेहरा पांढराफटक.

"आत... आत कोणीतरी खुपसतंय..."

आणि त्यांच्या कानाशी... बाजारात ऐकलेला तो आवाज.

"डाक्टरानू, गॅस आसा. जायत."

मी ऐकलं. बाबांनी ऐकलं. तुळसाबाईच्या हातातली वायर गळून पडली.

डॉक्टर जमिनीवरूनच ओरडले, "हिला आत घ्या! आत्ताच्या आत्ता! आतड्याला लागलंय... आतड्याला लागलंय हिच्या!"

म्हणजे ठाऊक होतं. सगळं ठाऊक असून हा माणूस गॅस म्हणत होता.

दुसऱ्या सर्जनना बोलावून पोट उघडलं. आतड्याला भोक पडलेलं निघालं. आई वाचली.

मी डॉक्टरांना जिन्यात गाठलं. "मावशीचंही आतडंच ना?"

त्यांनी विचारलं, "त्यांचं... नाव काय होतं?"

तोंडावर थुंकावंसं वाटलं मला.

"सावित्री," मी म्हटलं. "विसरू नका आता."

घरी निघालो त्या दिवशी आई खिडकीजवळच्या खाटेपाशी थांबली. रिकाम्या खाटेकडे हात पुढे केला.

"चल गो सावित्री. घराक जावया."

कान देऊन ऐकलं. मग हात मागे घेतला.

"काय गो?" बाबांनी विचारलं.

"येवची नाय म्हणता. डाक्टर हय आसा तवसर ती हयच."

ते डॉक्टर अजून तिथेच ऑपरेशनं करतात. एसटी त्या दारावरून जाते तेव्हा मी खिडकीकडे बघत नाही. आमचं माणूस आत आहे... आणि आम्हाला तिला घरी आणता आलं नाही.